माठ, कूलर आणि बर्फाची टेकडी

मे महिन्यात नागपूरची मावशी आमच्याकडे ठाण्याला आली की माठातलं पाणी पिऊन हमखास म्हणते, "तुमच्याकडे माठ गारच होत नाही गं." तिचं खरं आहे. माठातून झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. पण खाडीकाठच्या दमट हवेत ते उडणार किती?

तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला, तर पारा जिथवर उतरतो ते 'वेट बल्ब' तापमान. नुसत्या बाष्पीभवनाने त्याखाली जाता येत नाही. नागपुरात ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ते २२ अंशांच्या आसपास येतं. ठाण्यात ३३ अंश आणि ७० टक्के असेल, तर २८च्या. म्हणून तिकडचा कूलर इकडे निकामी ठरतो.

मला अप्रूप याचं वाटतं, की दूर थंड देशातल्या एखाद्या लहानशा टेकडीवर स्कीइंग होणार की नाही, हेही हेच तापमान ठरवतं. अशा बुटक्या टेकड्यांवर पुरेसं हिम पडेलच याचा भरवसा नसतो. मग यंत्राने पाण्याचे बारीक तुषार उडवून हिम बनवतात. अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये वेन पियर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची हे तिघे स्की बनवायचे. हिमच पडेना, तेव्हा स्की कोण घेणार? १९५० साली त्यांनी रंगाच्या फवाऱ्याची तोटी, कॉम्प्रेसर आणि बागेची नळी जोडून हिम पाडलं.

हे जमतं कसं? एक ग्रॅम पाणी गोठताना ३३४ ज्यूल उष्णता बाहेर पडते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २५०० ज्यूल लागतात. म्हणजे थेंबातला एक भाग उडाला, तर शून्य अंशावर आलेले सातएक भाग गोठू शकतात! म्हणून हवा २ अंशांवर असली तरी आर्द्रता २० टक्के असेल, तर वेट बल्ब उणे ३च्या आसपास जातं आणि हिम बनतं. उलट हवा उणे १ अंश पण पूर्ण दमट असेल, तर यंत्रं बंद ठेवलेली बरी. साधारण उणे २च्या खाली काम सुरू होतं.

आणखी एक अडचण असते. स्वच्छ पाण्याचा बारीक थेंब शून्याला गोठतोच असं नाही. उणे ३५ अंशांच्याही खाली तो द्रवच राहू शकतो. त्याला सुरुवात करून द्यायला बी लागतं. दाबलेली हवा तोटीतून सुटताच प्रसरण पावून एकदम गार होते आणि हिमाचे सूक्ष्म कण तयार होतात. तेच हे बी. काही ठिकाणी 'स्यूडोमोनास सिरिंजी' या जिवाणूची प्रथिनं पाण्यात मिसळतात. हाच जिवाणू पानांवर राहून पिकांवर दंव गोठवतो, शेतकऱ्याचं नुकसान करतो.

असं हिम सहा पाकळ्यांचं नसतं. बारीक साबुदाण्यासारखे गोल दाणे, नैसर्गिक ताज्या हिमापेक्षा कितीतरी घट्ट. म्हणून स्कीखाली ते टिकतं. आपल्या उत्तराखंडातल्या औलीतही अशी यंत्रं बसवली गेली, आणि २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमधले हिमावरचे खेळ जवळपास सगळे याच हिमावर झाले.

यंत्रांवरची माणसं रात्री तुषारांखाली उभी राहून बाही पुढे करतात. दाणा टणकन उडाला तर हिम कोरडं. चिकटला तर पाणी जास्त झालंय, तोटी थोडी आवळायची.