आधी तूट की आधी परकीय पैसा?

देशाच्या चालू खात्यावर, म्हणजे परदेशाशी होणाऱ्या आयात-निर्यात, व्याज-नफा वगैरेंच्या हिशेबात, तूट आली की ती भरून काढायला परकीय गुंतवणूक हवी, असं अर्थविषयक बातम्यांत नेहमी वाचायला मिळतं. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. कित्येकदा पैसा आधी येतो आणि तूट त्याच्या मागोमाग.

एखाद्या देशातली गुंतवणूक तिथल्या बचतीपेक्षा जेवढी जास्त, तेवढीच चालू खात्यावर तूट. ती बाहेरून आलेल्या भांडवलातून भागते, नाहीतर परकीय चलनाच्या गंगाजळीतून. हिशेब दोन्हीकडून जुळतोच; कोणामुळे कोण, हे मात्र तो सांगत नाही.

थायलंडचंच बघा. तिथलं चलन, बाट, डॉलरशी जवळपास बांधलेलं होतं आणि व्याजदर बाहेरच्यापेक्षा चढे. मग बाहेरून अल्पमुदतीची डॉलर-कर्जं घ्यायची आणि देशात इमारतींवर उधळायची, हा धंदाच झाला. खर्च वाढला, आयात वाढली आणि 1996 मध्ये तूट जीडीपीच्या सुमारे 8 टक्क्यांवर गेली. 2 जुलै 1997 ला बाट मोकळा सोडावा लागला. परदेशी सावकार पळाले, आणि 1998 मध्ये त्याच खात्यावर चक्क 12 टक्क्यांच्या आसपास शिल्लक! निर्यातीने काही भरारी घेतली नव्हती. लोकांची आयात करण्याची ऐपतच उरली नव्हती. शिल्लक दिसली की टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे वर्ष जरूर अभ्यासावं.

उलट, 1977 मध्ये नॉर्वेची तूट जीडीपीच्या 10 टक्क्यांहून अधिक होती. पण तो पैसा बराचसा उत्तर समुद्रातल्या तेलात गेला आणि पुढे तेलानेच तो फेडला.

थेट गुंतवणूक, म्हणजे कारखाना वगैरे, एका रात्रीत गुंडाळून नेता येत नाही, म्हणून ती बरी मानतात. मात्र तीही फुकट नसते. सुरुवातीला यंत्रांची आयात तूट वाढवते. पुढे नफा बाहेर जाऊ लागतो आणि तोही चालू खात्यातच मांडला जातो. गंमत म्हणजे परकीय कंपनीने नफा बाहेर नेलाच नाही, तिथेच पुन्हा गुंतवला, तरी हिशेबात तो आधी चालू खात्यातून बाहेर गेल्याचं दाखवतात आणि लगेच नवी परकीय गुंतवणूक म्हणून आत आल्याचं. प्रत्यक्षात एक पैसाही हललेला नसतो. तूट तेवढी वाढते, आणि परकीय गुंतवणुकीचा आकडाही.