शिगेचा कप, सपाट कप आणि ग्रॅम

पौंड केक हे नावच वजनावरून पडलं. लोणी, साखर, अंडी, मैदा, चारही जिन्नस एकेक पौंड. म्हणजे वजनकाटा ही बेकिंगमधली नवी टूम नाही. उलट, त्यातला कपाचा बोलबाला मागाहून आला, आणि तोही मुख्यतः अमेरिकेत. तिथे तराजू घरोघर नव्हता, पण कप होता. फक्त कोणता कप, हे कुणी सांगत नसे. चहाचा की कॉफीचा, सपाट की शिगेचा, सगळं करणाऱ्याच्या हातावर.

हा घोळ आवरायचा मोठा प्रयत्न १८९६ मध्ये अमेरिकी पाककला-शिक्षिका फॅनी फार्मर यांनी केला. त्यांच्या 'बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक'मध्ये मापं सपाट घ्यायचा आग्रह आहे: मैदा आधी चाळा, चमच्याचमच्यानं कपात घाला, वरचा भाग सुरीनं सारखा करा आणि हे करताना कप हलवू नका. ही शेवटची सूचना मला सगळ्यांत बोलकी वाटते. कप आपटला की मैदा खाली बसतो आणि तेवढ्याच कपात आणखी मावतो. कपाचा आकार ठरवता येतो, आतला मैदा किती दाटून भरला हे नाही. म्हणूनच आजही एका अमेरिकी कपातला मैदा कुणी १२० ग्रॅम धरतं, तर डब्यात कप खुपसून भरला की १५० ग्रॅमपर्यंत जातो. साखरेचं तसं नाही. ती २०० ग्रॅमच्या आसपासच राहते.

मिलीलिटर म्हणजेच ग्रॅम, हा गैरसमज कुठून आला? त्याचं मूळ पाण्यात आहे. फ्रान्सनं १७९५ मध्ये ग्रॅम ठरवला तो एक घन सेंटिमीटर पाण्याच्या वजनावरून. ब्रिटननं १८२४ मध्ये गॅलन ठरवला तो दहा पौंड पाण्यावरून. दोन्हीकडे वजन आणि आकारमान यांची गाठ पाण्यानं बांधली, त्यामुळे पाण्यापुरता हिशोब जुळतो. तेलाशी तो चुकतो (२५० मिलीलिटर तेल साधारण २३० ग्रॅम) आणि मधाशी तर पारच फसतो: तेवढाच मध ३५० ग्रॅम भरतो.

अमेरिकेनं मात्र जुना २३१ घन इंचांचा गॅलन सोडला नाही. त्याचा सोळावा भाग म्हणजे तिथला कप, सुमारे २३७ मिलीलिटर. पोषणतक्त्यांसाठी तोच २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा कप २५० मिलीलिटरचा, जपानचा २०० चा. ऑस्ट्रेलियात मोठा चमचाही २० मिलीलिटरचा, बाकी बहुतेक ठिकाणी तो १५ चा. त्यामुळे रूपांतराचा तक्ता हाती आला की आधी तो कोणत्या कपावर बेतलाय ते पाहावं. हे न सांगणारा तक्ता मी तरी वापरत नाही.

स्वस्त डिजिटल काट्यांमुळे हा सगळा खटाटोप पुष्कळसा टळला, पण सगळा नाही. घरगुती काटा बहुधा एकेका ग्रॅमच्या टप्प्यानं मोजतो. तीन ग्रॅम यीस्टमध्ये अर्ध्या ग्रॅमची चूकही मोठी. म्हणून मैदा, लोणी ग्रॅममध्ये लिहिणाऱ्या पाककृतींतही यीस्ट आणि सोडा पुष्कळदा चमच्यानंच येतात, आणि तो चमचा अजूनही सपाटच घ्यायचा असतो.