शुश्रूषेतील पूरक व पर्यायी उपचार

रुग्णालयातील नेहमीच्या वैद्यकीय उपचारांच्या जोडीने किंवा त्यांच्याऐवजी रुग्ण अन्य उपचार घेत असतो. त्यांबाबत परिचारिका जी विचारपूस, देखरेख व प्रत्यक्ष सेवा करते, तिचा समावेश या विषयात होतो. जोडीने घेतलेला उपचार पूरक आणि बदली म्हणून घेतलेला पर्यायी मानतात. केमोथेरपी चालू असलेल्या स्त्रीने थकवा सुसह्य व्हावा म्हणून केलेला प्राणायाम पूरक ठरतो. तोच प्राणायाम केमोथेरपी सोडून केला तर पर्यायी ठरतो. हा भेद उपचारात नसून वापरात आहे, आणि रुग्णाशी बोलल्याखेरीज तो कळत नाही.

शुश्रूषेच्या विचारात हा विषय नवा नाही. चरकसंहितेने चिकित्सेचे वैद्य, औषध, परिचारक व रुग्ण असे चार पाद मानले असून परिचारकाच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता या चार गुणांची अपेक्षा केली आहे. एकोणिसाव्या शतकात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी मोकळी हवा, सूर्यप्रकाश आणि शांतता यांना शुश्रूषेचा भाग मानले. मात्र प्रत्येक पद्धत कसोटीला उतरतेच असे नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत डोलोरेस क्रीगर व डोरा कुन्झ यांनी रुग्णाच्या शरीराजवळून हात फिरवून त्याची ऊर्जा सावरण्याची पद्धत परिचारिकांमध्ये रूढ केली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका साध्या चाचणीत पडद्यामागे असलेला परक्याचा हात आपल्या कोणत्या हाताजवळ आहे हे २१ उपचारकांना ओळखायचे होते. २८० प्रयत्नांपैकी त्यांचे ४४ टक्केच बरोबर आले, म्हणजे नाणे उडवून जितके आले असते त्याहूनही कमी.

मुंबईत या विषयाला वेगळी धार येते, कारण येथे अनेक परंपरा एकमेकींच्या शेजारी नांदतात. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली वर्सोव्यात स्थापलेली योग संस्था पुढे सांताक्रूझला आली; लोणावळ्याच्या कैवल्यधामचे केंद्र मरीन ड्राइव्हवर आहे; वरळीला पोदार आयुर्वेद रुग्णालय आहे. तेथून जवळच परळला के.ई.एम. (१९२६) आणि टाटा मेमोरियल (१९४१) ही रुग्णालये आहेत. टाटा मेमोरियलमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर योगाचा तुलनात्मक अभ्यासही झाला आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून परळला खेपा घालणारा दूर गावचा रुग्ण वैद्याचे चूर्ण, गावच्या जाणत्याने दिलेली मुळी आणि रुग्णालयाच्या गोळ्या एकाच पिशवीत बाळगतो. त्याला त्यात विसंगती वाटत नाही.

ही पिशवी परिचारिकेच्या कामाचा केंद्रबिंदू आहे. ‘काही आयुर्वेदिक औषध घेता का?’ या प्रश्नाला बहुधा ‘नाही’ असेच उत्तर मिळते, कारण घरचा काढा, कारल्याचा रस किंवा रात्रीचा इसबगोल यांना कोणी औषध म्हणत नाही. ‘आजी, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय जातं ते सांगा, कुणी दिलेली पुडीसुद्धा,’ असे विचारले तर खरी यादी बाहेर येते. प्रस्तुत नोंदलेखकाच्या मते या विषयातील सर्वांत मोलाचे कौशल्य हेच आहे. मालिश किंवा सुगंधोपचार शिकणे त्यानंतरचे. कारल्याचा रस व जांभळाच्या बियांचे चूर्ण यांची भर इन्सुलिनवर किंवा मधुमेहाच्या गोळ्यांवर पडली तर साखर एकदम उतरू शकते. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे अधिक धोक्याचे. थायरॉइडच्या गोळीबरोबरच इसबगोल घेतला तर गोळी नीट शोषली जात नाही. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असताना लसणाच्या कॅप्सूलची माहिती डॉक्टरांना आधीच कळलेली असावी. भस्मांविषयी, म्हणजे धातू व खनिजे भाजून केलेल्या आयुर्वेदिक औषधांविषयी, विशेष जागरूकता हवी. अमेरिकेतील बॉस्टन येथे विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत १४ उत्पादनांमध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते.

गुळवेलीचे उदाहरण मुंबईकरांच्या जवळचे आहे. कोविडच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी उकळू लागला. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली याची खातरजमा झालेली नाही, असे म्हटले. वाद तज्ज्ञांचा असला तरी वॉर्डातील परिचारिकेसाठी त्यातून एक सवय ठरते : कावीळ झालेल्या रुग्णाला काढा विचारायचा, त्यात काय घातले, किती दिवस घेतला, ओला वेल आणला की बाजारातली पूड, हे सर्व केसपेपरवर लिहायचे आणि जमल्यास नातेवाइकाला ती पूड घेऊन यायला सांगायचे.

प्रसूती विभागात हाच विषय अधिक नाजूक होतो, कारण तेथे उपचार सांगणारी व्यक्ती बाळंतिणीची आई किंवा सासू असते. बाळाला तेल लावणे चांगले की वाईट, याचे उत्तर तेलावर अवलंबून आहे. मुंबईत झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खनिज तेलाने मालिश केलेल्या बाळांपेक्षा खोबरेल तेलाने मालिश केलेल्या, दिवस पूर्ण न होता जन्मलेल्या बाळांचे वजन अधिक वाढल्याचे दिसले. उलट मोहरीचे तेल नवजात त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे करते. डिंकाचे लाडू, मेथी, बाळंतशेपा यांना सहसा आडकाठी नसते, मात्र मधुमेह असलेल्या बाळंतिणीला लाडवातल्या गुळाविषयी सांगावे लागते. सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यायचे असल्याने बाळगुटीला मात्र नकार द्यावा लागतो, आणि नाळेला राख, हळद किंवा तेल न लावता ती कोरडी ठेवायला सांगावे लागते. शेक-शेगडी व वावडिंगाची धुरी ही प्रथा ऐसपैस घरात, अंगणात रुजलेली आहे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दार लावून कोळसे पेटवले तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड बाळाच्या श्वासात जातात. येथे ‘हे बंद करा’ म्हणण्याऐवजी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक सुचवणारी सिस्टर घरच्या आजीला पटते.

रुग्णाच्या मनगटावरचा गंडा, गळ्यातला ताईत आणि उशीखालचा अंगारा हे उपचार नव्हेत, परंतु रुग्णाला त्यांचा आधार असतो. सलाइनची सुई लावताना, शस्त्रक्रियेपूर्वी किंवा एमआरआयला नेताना ते काढावेच लागतात. न विचारता कात्री लावण्यापेक्षा कारण सांगून, नातेवाइकाच्या हाती देऊन तशी नोंद केल्यास रुग्ण निर्धास्तपणे पुढे जातो.

परिचारिका स्वतः देऊ शकेल अशा पूरक उपचारांत संथ श्वसन, स्नायू क्रमाने शिथिल करणे, संगीत, हाता-पायाचे हलके मालिश आणि दाबबिंदू यांचा समावेश होतो. मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, आतील बाजूस दोन स्नायुबंधांच्या मधोमध असलेला बिंदू दाबल्याने भूल दिल्यानंतरची मळमळ कमी होते, यास चांगला आधार आहे. शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती संगीताने कमी होते. ते रुग्णाच्या आवडीचे असावे, मग तो अभंग असो की जुने नाट्यपद. निषिद्ध गोष्टीही तितक्याच पाठ असाव्या लागतात : पायाच्या शिरेत गुठळी असल्याची शंका असेल तर पाय चोळू नये, प्लेटलेट कमी असताना जोरात दाबू नये, रेडिएशन घेतलेल्या त्वचेवर मनाने तेल लावू नये आणि संवेदना गेलेल्या मधुमेही पावलांना शेक देऊ नये.

भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमात पूरक उपचारांची ओळख करून दिली जाते. तेवढ्याने कोणी त्या पद्धतीची चिकित्सक होत नाही, आणि परिचारिकेने स्वतःच्या अधिकारात काढा किंवा गोळी सुचवणे योग्य नाही. कर्करोग, मधुमेह अशा आजारांवरील औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे, तरी लोकलच्या डब्यात अशी पत्रके चिकटवलेली दिसतात आणि त्यांविषयी प्रश्न सिस्टरलाच विचारले जातात. खरी अडचण वेळेची आहे. परिषदेच्या निकषांनुसार शिक्षण-रुग्णालयात दर तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी. भरलेल्या वॉर्डात रात्रपाळीला हे प्रमाण राहत नाही, आणि दहा मिनिटांचे मालिश मागे पडते.

वेदनाशामक शुश्रूषेत ही दहा मिनिटे मुद्दाम राखून ठेवली जातात. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झाले. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठीचे ते भारतातील पहिले सेवासदन होय. अशा ठिकाणी मॉर्फिन वेळेवर देणे आणि रुग्णाचा हात हातात घेऊन बसणे ही एकाच ड्युटीतली दोन कामे असतात. हातापायांना तेल लावताना रुग्णाला नवी वेदना कोठे सुरू झाली आहे हेही परिचारिकेच्या बोटांना कळते, आणि ती सकाळच्या राउंडला डॉक्टरांना तसे सांगते.