'मन खंबीर करा, थकवा पळेल' हा गैरसमज

"रिपोर्ट नॉर्मल आहेत ना? मग मन खंबीर कर, रोज थोडं जास्त चाल." दीर्घ थकव्याच्या आजाराच्या (एमई/सीएफएस) रुग्णांना हा सल्ला वर्षानुवर्षं मिळतोय. नातेवाइकांकडूनच नव्हे, दवाखान्यातूनही.

मुळात हा आजार पकडणारी रक्ततपासणी अजून नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल म्हणजे हा आजार नाही, असं ठरत नाही. शिवाय झेपेल त्यापेक्षा जास्त केलं की त्रास उसळतो, तोही अनेकदा उशिरा. रविवारी पाहुण्यांत हसत बसलेली बाई मंगळवारी केस विंचरायलाही हात उचलू शकत नाही. पाहुण्यांनी पाहिलेला असतो फक्त रविवार!

उपचारांबाबत डॉक्टरांना मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याची आपली जुनी शिफारस काढून टाकली. आता भर शक्ती जपून वापरण्यावर आहे: भाजी बसून चिरणं, अंघोळ आणि बाहेरचं काम एकाच दिवशी न ठेवणं, बरं वाटत असतानाच थांबणं. (हे शेवटचं सगळ्यात अवघड.)

आनंदी राहू नये असं कोण म्हणतंय? त्याने दिवस सुसह्य होतात. पण आनंदच औषध म्हणून गळ्यात मारला, की बरं न होण्याचा दोषही रुग्णाच्याच माथी. समुपदेशनाचंही तसंच, आजारासोबत जगायला ते मदत करतं, आजार घालवत नाही.