टोचलेली कोंबडी वाचवताना: परसबागेत कोंबड्या पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडून तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) किंवा पिल्लं नेलेल्या घरांतून वर्षभर येणारा एक फोन ठरलेला असतो. बाकीच्या कोंबड्यांनी एकीला टोचून रक्तबंबाळ केलंय, पाठ सोललीय, आता ही काही जगत नाही, कापून टाकू का? आमचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘थांबा’ असंच असतं. पाठीची कातडी दोन-तीन बोटं रुंद निघालेली कोंबडीसुद्धा नीट सांभाळली तर भरून येते आणि पुन्हा अंड्यावर येते. कोंबड्या जखमेने कमी दगावतात. दगावतात त्या जखमेवर पुन्हा पडलेल्या चोचींनी, माशीने, नाहीतर घाईघाईत कळपात परत सोडल्यामुळे. म्हणून या पत्रकात औषधांपेक्षा सांभाळावर जास्त लिहिलं आहे.

आधी बाजूला काढा

रक्त दिसलं की त्या क्षणी कोंबडी कळपातून उचला. औषध आणायला जायचं असेल तरी आधी उचला, मग जा. कोंबडीची रंगांची नजर तीक्ष्ण असते. उघडं लाल मांस दिसलं की एकीचं बघून दुसरी चोच मारते, आणि भांडणाशी काडीचा संबंध नसलेल्या कोंबड्याही त्यात सामील होतात. तासाभरात साध्या ओरखड्याचं भगदाड होतं.

धरताना जुन्या टॉवेलात गुंडाळा, पंख अंगाशी दाबलेले राहू द्या, पण छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, नसतो. छातीचं हाड खालीवर झालं तरच तिला श्वास मिळतो. घाबरलेली कोंबडी निसटू नये म्हणून माणूस घट्ट धरतो आणि तिथेच ती गुदमरते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाने पाच मिनिटं दाबून धरा. मधेच उचलून बघू नका, नाहीतर धरलेली गुठळी सुटते. तुऱ्याची जखम फार वाहते आणि बघून भीती वाटते, पण ती बहुधा लवकर थांबते. तरी एक हिशोब लक्षात ठेवा: दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात सगळं मिळून साधारण १०० ते १२० मिली रक्त असतं. त्यातलं तिसऱ्या हिश्शाएवढं, म्हणजे तीस-चाळीस मिली सांडलं तरी तिच्या जिवावर बेतू शकतं. तुरा फिका पडलाय, डोळे मिटून पडून आहे, उचलल्यावर धडपडही करत नाही अशी कोंबडी लगेच धुवायला घेऊ नका. रक्त थांबवा आणि तिला पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, उबेला तास-दोन तास ठेवा. थंडीत खोक्याच्या एकाच बाजूला गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवावी, म्हणजे उकडलं तर तिला दुसरीकडे सरकता येतं.

पाणी पाजताना घशात ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला थेंब लावा, ती आपोआप चाटून घेते. मेडिकलमध्ये मिळणारं ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून पहिल्या दिवशी दिलं तर चांगली तरतरी येते.

जखम धुताना

पिसांखाली हात घालून सगळं अंग तपासा. डोक्याची मागची बाजू, पंखांखाली, शेपटीच्या मुळाशी आणि अंडं देण्याच्या जागेभोवती. कडकनाथ पाळणाऱ्यांनी हे डोळ्यांवर न सोडता बोटांनी करावं. काळं पीस, काळी कातडी, त्यावर सुकलेलं रक्त दिसतच नाही; बोटाला चिकट किंवा ओलं लागलं तरच कळतं. त्यांचा तुराही गडद असल्याने तो फिका पडलाय की नाही यावरून अंदाज येत नाही.

जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापा, उपटू नका. उपटताना आधीच फाटलेली कातडी आणखी फाटते. नवीन उगवणारे निळसर खुंट असतील तर त्यांना कात्रीही लावू नका, त्यांत रक्त असतं.

एक लिटर पाणी उकळून कोमट करा आणि त्यात सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे चहाचा दीड चमचा मीठ घाला. सुई काढलेल्या सिरिंजने ही धार जखमेवर सोडा. माती, तूस, विष्ठा निघून जाईपर्यंत धुवायचं, घासायचं नाही. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक औषध पाण्यात कोऱ्या, फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पातळ करून लावा. पहिले तीन-चार दिवस दिवसातून दोनदा, पुढे खपली धरली की एकदा बघणं पुरे.

हळदीबद्दल सगळेच विचारतात. तुऱ्यावर, नखाला बारीक रक्त येत असेल तर कोरडी, स्वच्छ हळद दाबायला हरकत नाही. खोल जखमेत मात्र ती भरू नका. वरून खपली धरते आणि आत घाण कोंडून राहते. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतलं तर नवी येणारी कातडीच जळते. आणि एक कळकळीची विनंती: डांबरगोळीची पूड, रॉकेल, गाडीचं जुनं ऑइल, तंबाखू-चुना यांतलं काहीही लावू नका. गाईबैलांच्या जखमांना हे लावताना आपण पाहिलेलं असतं, पण दीड किलोच्या जिवाला ते विष आहे, उघड्या मांसातून ते सरळ रक्तात जातं.

दोन गोष्टी बघून लोक घाबरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुका मार बसलेली जागा हिरवी दिसायला लागते. आपल्याला काळंनिळं होतं, कोंबडीत साकळलेल्या रक्ताचा रंग हिरवा होतो. ती जागा सडलेली नसते. सडलेली जागा काळी पडते आणि घाण वास मारते. दुसरं म्हणजे पू. कोंबडीचा पू वाहत नाही, पनीरसारखा घट्ट गोळा होतो. त्यामुळे ‘पू दिसत नाही म्हणजे जखम चांगली’ असं धरून चालू नका. खपलीच्या शेजारी कडक, पिवळट गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवा.

तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खडबडीत, चामखिळीसारख्या खपल्या असतील तर ते टोचणं नसून कोंबड्यांची देवी (फाउल पॉक्स हा रोग) असू शकते. ती डासांमुळे पसरते आणि टोचल्याच्या जखमांतूनही शिरते. एकीला झाली तर बाकीच्यांकडेही नीट बघा.

माशी

पावसाळ्यात हाच सगळ्यात मोठा धोका. उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली की एका दिवसात अळ्या पडू शकतात. पिसांखाली असल्याने त्या वरून दिसत नाहीत. वास येतो, कोंबडी मलूल होते, तोवर पोखरून झालेलं असतं. म्हणून जखमी कोंबडी जुन्या मच्छरदाणीखाली ठेवा, खालचं तूस किंवा कागद रोज बदला, शेपटीखाली चिकटलेली घाण धुऊन कोरडी करा. अळ्या दिसल्याच तर चिमट्याने एकेक काढा, मिठाच्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डॉक्टर कधी

हाड किंवा पोटाच्या आतलं दिसतंय, डोळा फुटलाय, अंडं देण्याची जागा बाहेर आलीय, चोवीस तास काहीच खाल्लं नाही, मान वळवते किंवा तोल जातो, यांपैकी काहीही असेल तर घरचे उपाय थांबवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. बाहेर आलेला भाग हाताने जोर लावून आत ढकलू नका. मिठाच्या पाण्याने धुऊन ओला ठेवा, कोंबडी अंधारात ठेवा आणि निघा.

घरातल्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. पक्ष्यांची मूत्रपिंडं नाजूक असतात. डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी किंवा इंजेक्शन दिलेल्या गुरांची मढी खाऊन आपल्याकडची गिधाडं मेली आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. प्रतिजैविकही डॉक्टरांनी सांगितलं तरच द्यावं. ते चालू असताना आणि बंद केल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे त्यांनाच विचारून घ्या.

खाणं

पीस हे बहुतेक सगळं प्रथिनांचंच बनतं, कातडीलाही तेच लागतं. नुसता तांदूळ-ज्वारीवर ठेवलेली कोंबडी फार हळू भरते. लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) कोमट पाण्यात भिजवून, त्यात उकडलेलं अंडं कुस्करून द्या. सुकट असेल तर खारवलेली नको, बिनमिठाची. शेंगदाण्याची पेंड चालते, पण पावसाळ्यात बुरशी धरलेली पेंड जखमेपेक्षा वाईट, कोंबडीला तिच्यावर चोचसुद्धा मारू देऊ नका. विष्ठा हिरवी आणि पाण्यासारखी पडत असेल तर बऱ्याचदा पोट रिकामं असतं. हाताने भरवून बघा.

बाजूला ठेवा, पण नजरेआड नको

इथे बहुतेकांचं चुकतं. कोंबडी घरात, मागच्या खोलीत महिनाभर सांभाळतात, ती ठणठणीत होते, आणि कळपात सोडल्या दिवशी पुन्हा तोच प्रकार होतो. कळपात कोण कोणाला टोचू शकते याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डेरुप-एबे यांनी लहानपणापासून कोंबड्या पाहून १९२१ साली ती पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने मांडली. बरेच दिवस न दिसलेली कोंबडी बाकीच्यांच्या लेखी परकी होते आणि तिला सगळ्यात खालून सुरुवात करावी लागते.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस शांत, अंधाऱ्या जागी काढले आणि जखम कोरडी दिसू लागली की दिवसा तिला अंगणातच जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा. डालगं वापरत असाल तर विण इतकी बारीक हवी की बाहेरून चोच जखमेपर्यंत पोचणार नाही. तिचं खाद्य जाळीलगत ठेवा, बाहेरच्यांचंही तिथेच टाका. एकमेकींना बघत खाणं सुरू झालं की अर्धं काम झालं.

पूर्ण सोडायची घाई मात्र नको. जखम भरली तरी त्या जागी नव्या पिसांचे कोंब असतात आणि त्यांत रक्त भरलेलं असतं. एक कोंब टोचला गेला की पुन्हा रक्त, पुन्हा गर्दी. कोंब उलगडून पिसांनी कातडी झाकली की मगच सोडा. त्याला काही आठवडे लागतात. मुळाशी तुटलेली पिसं तर पुढच्या वेळी पिसं झडेपर्यंत येतच नाहीत, तिथे जाड सुती कापडाचं पाठीवरचं झाकण शिवून घालता येतं.

सोडताना एकटी सोडू नका. कळपातली एखादी गरीब कोंबडी आधी चार दिवस तिच्यासोबत ठेवा आणि दोघींना मिळून सोडा. रात्री दांडीवर बसवून सकाळी लवकर उठून बघायचं, हा जुना उपाय चांगला आहे, पण सकाळी माणूस हजर हवा. पाण्याची आणि खाद्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे एकीला दुसरीची वाट अडवून तिला उपाशी ठेवता येत नाही. चार-दोन टोचे, पाठलाग, मान फुगवणं चालेल. रक्त आलं तर परत पिंजऱ्यात.

दरवेळी एकच कोंबडी मारकी असेल तर जखमीऐवजी तिलाच पाच-सहा दिवस बाहेर काढा. परत आल्यावर तिचा तोरा उतरलेला असतो. हा उपाय आम्हाला सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात कमी लोक करतात.

मुळात टोचतात का

बहुधा गर्दी. रात्रीच्या खुराड्यात मोठ्या कोंबडीला किमान दोन चौरस फूट जागा हवी आणि दिवसा बाहेर मोकळं फिरायला हवं. चार-पाच कोंबड्यांमागे अंड्यासाठी एक अंधारी खोपटी लागते. उजेडात अंडं घालताना बाहेर येणारा लाल भाग दिसला की तिथेच टोचतात. खाद्यात प्रथिनं किंवा मीठ कमी पडलं तरी पिसं खायला लागतात. खुराड्याच्या फटी रात्री बॅटरीने बघा, गोचिडी आणि लाल किडी दिवसा लपतात. पाठीची पिसं जात असतील तर दोष कोंबड्याचाही असू शकतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. असील जातीची पाखरं मुळातच भांडखोर, ती गावरान किंवा वनराजा या सुधारित जातीच्या कोंबड्यांत मिसळू नका. आणि लहान तलंगा मोठ्या कोंबड्यांत एकदम सोडू नका, आम्ही देताना सांगतो तरी पुन्हा लिहितो.

शंका असल्यास जखमेचा फोटो दिवसाच्या उजेडात, पिसं बाजूला करून काढा आणि पावतीवरच्या क्रमांकावर पाठवा. जखमी किंवा आजारी कोंबडी आमच्या विक्रीच्या जागी आणू नका. तिथे एक दिवसाची पिल्लं असतात आणि तिच्यासोबत आलेला रोग त्यांच्यात पसरायला वेळ लागत नाही.