व्हिडिओ गेममधील कथन

व्हिडिओ गेममधील कथन : नियम, जागा, वस्तू, संवाद, ध्वनी आणि खेळाडूची कृती यांच्या मेळातून गेममध्ये गोष्ट उभी करण्याची रीत. खेळाडूने काही केल्याशिवाय ही गोष्ट सहसा पुढे सरकत नाही, आणि ती कोणत्या वाटेने सरकेल हेही काही अंशी त्याच्याच हाती असते. त्यामुळे कथानक, पात्रे, निवेदक या साहित्यविचारातील संज्ञा येथे वापरता येत असल्या, तरी त्या तंतोतंत बसत नाहीत. एखाद्या गेमची गोष्ट वर्षानुवर्षे का लक्षात राहते आणि दुसऱ्या गेममधील कटसीन (खेळ थांबवून दाखवलेले प्रसंग) खेळाडू बटण दाबून का उडवून लावतात, याचे उत्तर केवळ लेखनाच्या दर्जात सापडत नाही.

उगम : पहिला कथाप्रधान संगणकीय खेळ कोणता, याविषयी एकमत नाही. मिनीॲपोलिस येथील तीन शिकाऊ शिक्षकांनी डिसेंबर १९७१ मध्ये इतिहासाच्या वर्गात आणलेल्या ‘द ऑरेगन ट्रेल’ला काही जण हा मान देतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबाचा बैलगाडीचा प्रवास हा त्याचा विषय. बैल, अन्न, दारूगोळा, कपडे यांवर किती पैसे घालायचे हे निघतानाच ठरवावे लागे आणि पुढची आपत्ती त्या हिशेबावर येऊन आदळे. परंतु यातील प्रसंग बहुतांशी यदृच्छेने घडतात आणि खेळाडू हिंडू शकेल अशी जागा त्यात नाही. म्हणून बहुतेक अभ्यासक आरंभ ‘कलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’पासून मानतात, आणि ते अधिक सयुक्तिक वाटते.

या खेळाचा कर्ता विल क्राउदर हा मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपाच्या उभारणीवर काम करणारा आज्ञावलीकार. गुहा धुंडाळणे हा त्याचा छंद होता. पत्नी पॅट्रिशियासह त्याने केंटकीतील मॅमथ केव्ह परिसरातील गुहांच्या मोजणीत भाग घेतला होता. दोघे विभक्त झाल्यावर दोन मुलींना रमवता यावे, म्हणून त्याने पीडीपी-१० या संगणकावर फोर्ट्रान भाषेत हा खेळ लिहिला. त्यात चित्र नव्हते. पडद्यावर जागेचे वर्णन उमटे. खेळाडू एकदोन शब्दांची आज्ञा टंकित करी आणि पुढचे वर्णन येई. स्टॅनफर्डमधील डॉन वुड्स या विद्यार्थ्याने १९७७ मध्ये खेळाचा मोठा विस्तार केला. गुणांची मोजणी आणि एका वेळी किती वस्तू बाळगता येतील याची मर्यादा या गोष्टी त्याच्या.

कालनिश्चितीचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला. जुन्या लेखनात १९७२ आणि १९७४ ही वर्षे आढळतात. त्यांना भक्कम आधार नाही. क्राउदरने केवळ गुहेचा नकाशा संगणकात उतरवला होता, जादू आणि बुटके वुड्सने घातले, असेही सांगितले जाई. वुड्सच्या विद्यार्थिदशेतील खात्याच्या जतन केलेल्या प्रतीतून क्राउदरची मूळ आज्ञावली हाती लागली आणि डेनिस जर्झ यांनी २००७ मध्ये तिचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार लेखन १९७५-७६ मधील असून १९७६ च्या आरंभी क्राउदरने ते सोडून दिले असावे. मूळ संहितेत सुमारे ७०० ओळींची आज्ञावली, जवळपास तेवढ्याच ओळींची माहिती आणि १९३ शब्दांचा शब्दसंग्रह होता. जादू, विनोद, साधी झुंज आणि सोपी कोडीही तीत आधीपासून होती. ‘नकाशा क्राउदरचा, गोष्ट वुड्सची’ ही सुटसुटीत वाटणी यामुळे बाद ठरते.

तरीही नकाशाचे महत्त्व कमी होत नाही. जर्झ २००५ मध्ये प्रत्यक्ष गुहेत उतरले, तेव्हा खेळातील अनेक जागा तेथे ओळखता आल्या. एवढेच नव्हे, तर खेळात सापडणारी लोखंडी कांब आणि कुऱ्हाडीचे पाते यांच्याशी जुळणाऱ्या वस्तूही गुहेत मिळाल्या. हा खेळ खूप खेळलेली एक व्यक्ती गुहेच्या त्या भागात प्रथमच गेली असता तिला वाटा ठाऊक होत्या, अशी आठवण गुहा-संशोधकांत सांगितली जाते. गोष्ट लक्षात राहिली ती वाटेच्या रूपाने, हे या आठवणीचे मर्म.

कटसीन : खेळ थांबवून दाखवलेला, खेळाडूच्या ताब्यात नसलेला प्रसंग. ‘पॅक-मॅन’मध्ये (१९८०) फेऱ्यांच्या मधे छोटे विनोदी प्रवेश येतात. ‘डाँकी काँग’मध्ये (१९८१) आरंभीच एक महाकाय वानर तरुणीला घेऊन लोखंडी सांगाड्यावर चढतो आणि वर पोहोचल्यावर उड्या मारतो. प्रत्येक उडीसरशी सरळ तुळया वाकड्या होतात, आणि मग त्याच उतारावरून पिंपे गडगडत खेळाडूच्या अंगावर येऊ लागतात. काही सेकंदांचा प्रसंग. पण खलनायक कोण, नायिका कुठे आणि जमीन तिरकी का, हे तिन्ही त्यात येते. पुढे लाखो रुपये ओतून केलेल्या कित्येक कटसीनना एवढे साधलेले नाही. या संज्ञेचा प्रसार सामान्यतः ‘मॅनियाक मॅन्शन’ (१९८७) आणि त्याचा रचनाकार रॉन गिल्बर्ट यांच्याशी जोडला जातो.

कथनवादी आणि क्रीडावादी : गेमला कथा म्हणून वाचावे की खेळ म्हणून, यावर १९९७ ते २००५ च्या सुमारास बराच वाद झाला. जॅनेट मरे यांनी १९९७ मध्ये संगणकाला कथनाचे नवे माध्यम मानले. वरून पडणारे ठोकळे रचण्याच्या ‘टेट्रिस’मध्येही त्यांना १९९० च्या दशकातील कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या अमेरिकी माणसाचे आयुष्य दिसले. ‘टेट्रिस’ मॉस्कोत ॲलेक्सी पाजितनोव्हने रचला होता, हे लक्षात घेता हा अर्थ ओढूनताणून काढल्यासारखा वाटतो, आणि मार्क्कू एस्केलिनेन यांनी त्यावर कठोर टीका केली. समोरच्याकडे चेंडू फेकला तर तो चेंडू गोष्ट सांगेल म्हणून कोणी थांबत नाही, हा त्यांचा २००१ मधील दाखला बराच गाजला. त्याच वर्षी येस्पर यूल यांनी गेम आणि कथा यांतील काळाच्या फरकावर बोट ठेवले : कथा घडून गेलेले सांगते, खेळ मात्र आत्ता चालू असतो. पुढे २००५ मध्ये त्यांनी नियम खरे आणि जग कल्पित अशी तडजोडीची मांडणी केली. वादात मैदान राखण्याचा भागही होता. नव्या विद्याशाखेवर साहित्य विभागांनी हक्क सांगू नये, ही क्रीडावाद्यांची भीती अगदीच निराधार नव्हती.

हेन्री जेंकिन्स यांचा २००४ मधील निबंध या दोन टोकांच्या मधला आहे आणि आज तोच जास्त उपयोगी पडतो. त्यांच्या मते गेमचा रचनाकार गोष्ट सांगण्यापेक्षा गोष्टीसाठी जागा बांधतो. ती जागा ओळखीच्या कथेची आठवण जागवते, प्रसंग घडायला रंगमंच देते, माहिती पेरून ठेवते किंवा खेळाडूला स्वतःची गोष्ट घडवू देते. कल्पित माणसांचे रोजचे घरगुती जीवन चालवण्याचा ‘द सिम्स’ (२०००) हे शेवटच्या प्रकाराचे परिचित उदाहरण. अशा गेममध्ये लेखकाने लिहिलेली गोष्ट नसतेच, तरी खेळणारे आपल्या पात्रांच्या भांडणांविषयी शेजाऱ्यांविषयी बोलावे तसे बोलतात.

परिसरकथन : जागेची मांडणी, पडझड, विखुरलेल्या वस्तू यांतून घडून गेलेले सुचवणे. डिस्ने उद्यानांच्या रचनेवर काम केलेल्या डॉन कार्सन यांनी २००० मध्ये ही कल्पना गेमच्या रचनाकारांसमोर मांडली. तिचा ठळक नमुना मात्र त्याआधीचा, ‘हाफ-लाइफ’ (१९९८). त्याचा आरंभ एका भूमिगत प्रयोगशाळेतील छोट्या गाडीच्या संथ प्रवासाने होतो. खेळाडू डब्यात इकडेतिकडे फिरू शकतो, काचेतून यंत्रे आणि कामगार पाहू शकतो. यापलीकडे करण्यासारखे काही नसते. कामावर पोहोचल्यावर प्रयोग फसतो, आणि ज्या खोल्यांतून तो निवांत आला होता त्यांतूनच, आता छत कोसळलेले आणि दिवे फडफडणारे, जीव वाचवत परतावे लागते. काय बिघडले हे कोणी सांगत नाही. दोन फेऱ्यांतील फरकच ते सांगतो.

कृती आणि अर्थ : नियम एक सांगतात आणि कथा दुसरेच, अशा विसंगतीकडे गेमचे रचनाकार क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या गेमच्या निमित्ताने लक्ष वेधले. शेकडो माणसे मारून आलेला नायक कटसीनमध्ये एका मृत्यूवर अश्रू ढाळतो, हे तिचे नेहमीचे रूप. खेळाडूंना तिची सवय झालेली असते, एवढेच.

उलट टोकाचे उदाहरण म्हणजे लुकस पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३). १९८२ साल, आर्स्टोट्झ्का हा काल्पनिक देश, आणि खेळाडू सीमेवरचा तपासनीस. बरोबर तपासलेल्या प्रत्येक प्रवाशामागे ५ क्रेडिट मिळतात. दिवसातील पहिल्या दोन चुकांवर ताकीद, तिसरीपासून दंड. संध्याकाळी घरभाडे, जेवण आणि शेगडी यांचा हिशेब पुढ्यात येतो. एके दिवशी एका माणसाची कागदपत्रे नीट निघतात. मागे बायको आहे, तिला सांभाळून घ्या, असे सांगून तो पुढे जातो. बायकोकडे प्रवेश परवाना नसतो. त्या दिवशीच्या दोन चुका शिल्लक असतील, तर दया फुकट आहे. त्या आधीच हलगर्जीत खर्ची पडल्या असतील, तर तिची किंमत घरच्या जेवणातून वळती होते. येथे हिशेबाचा नियम हेच कथन आहे. संवाद चार ओळींचा आहे.

‘फायनल फँटसी ७’मधील (१९९७) नायकाच्या चमूतील एरिथचा मृत्यूही असाच समजून घ्यावा लागतो. (पहिल्या इंग्रजी आवृत्तीत तिचे नाव एरिस असे उतरले होते.) प्रसंग कटसीनमध्ये घडतो, खेळाडूला तो टाळता येत नाही. पण तोवर त्याने तिला कित्येक तास लढाईत वापरलेले, वाढवलेले असते. त्यानंतर लगेच येणाऱ्या झुंजीत युद्धसंगीताऐवजी तिचीच धून वाजत राहते आणि चमू निवडण्याच्या यादीत ती पुन्हा कधीच दिसत नाही. शोक जाणवतो तो बराचसा या रिकाम्या जागेमुळे.

शाखांचे गणित : प्रत्येक वळणावर दोन पर्याय ठेवले आणि प्रत्येकाची वेगळी गोष्ट लिहिली, तर दहा वळणांनंतर १,०२४ शेवट लिहावे लागतील. म्हणून वाटा थोड्या अंतराने पुन्हा एकत्र आणतात आणि खेळाडूने काय निवडले याची नोंद तेवढी ठेवतात. पुढे एखादे पात्र त्या नोंदीनुसार वेगळे बोलते. टेलटेल कंपनीच्या ‘द वॉकिंग डेड’मध्ये (२०१२) अमुक पात्र हे लक्षात ठेवील, अशी सूचना कोपऱ्यात उमटते. परिणाम अनेकदा किरकोळ असतो, पण सूचनेने बोललेल्या शब्दाला वजन येते. दुसरी अडचण सेव्हची, म्हणजे खेळाच्या साठवून ठेवलेल्या स्थितीची : निर्णय आवडला नाही तर खेळाडू जुना सेव्ह उघडून मागे जातो. टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ने (२०१५) हीच पळवाट कथेत ओढली. आरंभी माया लावणाऱ्या टोरिएलला मारून, पस्तावून, मागे जाऊन तिला जिवंत सोडले, तरी नंतर एक पात्र खेळाडूला सुनावते, की तू काय केले होतेस ते मला ठाऊक आहे.

भारतात : पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हे उल्लेखनीय उदाहरण. लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा २०१७ मधील प्रयत्न फसल्यानंतर तो पूर्ण झाला. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाचा शोध घेणारी राजी त्याची नायिका. निवेदन दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून होते. पूर्वकथा छायाबाहुल्यांच्या धर्तीवरील दृश्यांत येते, आणि देवादिकांच्या कथा भिंतींवरील चित्रांत पेरलेल्या आहेत. भिंतीपाशी थांबले तर ऐकू येतात, न थांबता पुढे गेले तरी खेळ अडत नाही.