शून्याच्या वर गोठणारी पाइपलाइन

मे 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात, सुमारे 1,500 मीटर खोल समुद्रतळावर, मॅकॉन्डो विहिरीतून तेल आणि वायू उसळत होते. तेल गोळा करून वर आणायला जवळपास 100 टनांचा पोलादी घुमट खाली सोडला. तो गळतीवर पोचताच आत बर्फासारखे स्फटिक साचले, वरचं तोंड बुजलं, आणि पाण्यापेक्षा हलक्या स्फटिकांनी घुमटच उचलला जाऊ लागला. शेवटी तो बाजूला ठेवावा लागला. गळती थांबायला जुलै उजाडला.

हे स्फटिक म्हणजे गॅस हायड्रेट. पाण्याचे रेणू पिंजरे रचतात आणि आत मिथेनसारख्या वायूचे रेणू अडकतात. त्यांच्या आधारानेच पिंजरा टिकतो. त्यासाठी तापमान शून्यावर यावं लागत नाही. 4 अंश सेल्सियसला मिथेनसाठी वातावरणाच्या साधारण 40 पट दाब पुरतो. मॅकॉन्डोपाशी समुद्रतळावर तो सुमारे 150 पट होता.

तेलाच्या पाइपात खरी गंमत पुढे आहे. तेलात विखुरलेल्या पाण्याच्या थेंबांवर आधी हायड्रेटचं पातळ कवच चढतं. उरलेलं पाणी अशा दोन कणांना जोडतं, गुठळ्या होतात, तेल दाटत जातं आणि अखेर पाइप तुंबतो. उत्पादन चालू असताना तेल गरम असतं. विहीर काही तास बंद ठेवली की पाइप समुद्राइतका गार होतो. पुन्हा सुरू करतानाची वेळ म्हणूनच सर्वात नाजूक.

पूर्वापार उपाय म्हणजे मिथेनॉल किंवा ग्लायकॉल सोडून हायड्रेट होऊच न देणं. पाणी वाढलं की ही रसायनंही भरमसाट लागतात. मला जास्त भावतो तो दुसरा विचार: हायड्रेट होऊ द्या, चिकटू देऊ नका. काही रसायनं स्फटिकांच्या पृष्ठभागावर बसून गुठळ्या टाळतात आणि सगळं मिश्रण पातळ लगद्यासारखं वाहत राहतं. अडचण नुसतं गोठण्यात नसून चिकटण्यात आहे, हे ओळखल्यामुळेच हा मार्ग सापडला.

तुंबलेला पाइप मोकळा करणं मात्र जोखमीचं. दाब उतरवला की हायड्रेट पाइपाच्या भिंतीलगत आधी वितळतं आणि बूच सुटं होतं. दाब एकाच बाजूने उतरवला असेल, तर ते बूच गोळीसारखं सुटून पाइप फोडू शकतं. अशा अपघातांत माणसं दगावली आहेत. म्हणून शक्य तिथे दोन्ही बाजूंनी, हळूहळू दाब कमी करतात. हायड्रेट वितळताना उष्णता शोषून घेतं. दाब फारच खाली नेला, तर सुटलेलं पाणी तिथेच गोठतं आणि मग खराखुरा बर्फ फोडत बसावं लागतं.